बायकांचा म्हणतात तो आजार

मला थायरॉइड आहे असं सांगितलं की लोक आधी मृणालकडे बघतात. मृणाल माझी बायको. तिची थायरॉइडची ग्रंथी ठणठणीत आहे. बिघडली ती माझी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. त्या बिघाडाने माझं जे काही केलं, त्यातलं निम्मं मी आजवर तीनच माणसांना सांगितलं होतं: मृणालला, इस्पितळातल्या एका डॉक्टर बाईंना आणि इथे टिलबर्गमध्येच राहणाऱ्या एका मित्राला. त्या मित्राने मागच्या महिन्यात फोन केला. त्याच्या पुण्यातल्या मेहुण्याला थायरॉइड वाढल्याचं निदान झालं होतं. "हात थरथरतात, घाम येतो, ते सगळं तो सांगतो. पण आणखी काहीतरी आहे जे तो सांगत नाहीये. तू बोलशील का त्याच्याशी?"

मी बोललो, तासभर. फोन ठेवल्यावर वाटलं, हे मराठीत कुठे वाचायला मिळालं असतं तर मी स्वतः सात-आठ महिने वाया घालवले नसते. म्हणून लिहितोय. लाज वाटतेच आहे, पण ती तशीच राहू दे.

बारीक होण्याचं कौतुक

मी मूळचा सांगलीचा. सहा वर्षांपासून इथे परदेशात, टिलबर्गला आहे. इथे शहराबाहेर मैलभर लांबीची गोदामं आहेत, आणि त्यांतले सरकते पट्टे कुठलं खोकं कुठे नेतील ते ठरवणारं सॉफ्टवेअर आमची टीम लिहिते. मृणाल घरून एका बँकेचं टेस्टिंगचं काम करते. आमची मुलगी ईरा तेव्हा सात वर्षांची होती.

त्या उन्हाळ्यात माझं वजन उतरायला लागलं. मी दुप्पट जेवत होतो. रात्री पाच पोळ्या खाऊन तासाभरात ब्रेड-चीज काढून उभा असायचो आणि तरी पँट कमरेवर राहत नव्हती. ऑफिसमधला बास नावाचा सहकारी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, सायकलिंगचं वेड असलेला. तो म्हणाला, "काय करतोयस सांग, मलाही करायचंय." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, आरशात गालाची हाडं दिसायला लागली तेव्हा मला आवडलं होतं.

आईला आवडलं नाही. व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "डोळे केवढे दिसतायत रे तुझे. नीट खातोस ना?"

"खातो गं. भरपूर खातो."

"मग जातं कुठं सगळं?"

पुढे गारवा आल्यावर सगळे जण स्वेटर घालून बसलेले असताना मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात घामाघूम व्हायचो. चहाचा कप बशीवर ठेवताना वाजायचा. सायकलवरून सिग्नलला थांबलो की छातीत धडधड अशी व्हायची, जणू मी पळत आलोय. आणि मी चिडायचो. ईराच्या हातून दूध सांडलं तर मी असा ओरडलो होतो की ती टेबलाखाली जाऊन बसली. नंतर मी तिला बाहेर काढायला गेलो तर मलाच रडू आलं.

जे मी सांगत नव्हतो

आता अवघड भाग.

आम्ही वर्षभर दुसऱ्या मुलासाठी प्रयत्न करत होतो. मृणाल छत्तिशीची झाली होती. तिच्या फोनमध्ये दिवस मोजणारं ॲप होतं, आणि ठरावीक दिवशी ती स्वयंपाकघरातून नुसती माझ्याकडे बघायची. सुरुवातीला त्याचं आम्हाला हसू यायचं. मग नेमकं त्याच काळात माझ्या मनातून इच्छाच गेली. दमल्यामुळे नको वाटतं, तसं हे नव्हतं. भूक लागली नाही असंही नाही. भूक नावाची काही गोष्ट असते हेच शरीर विसरलं होतं. मृणाल जवळ आली की मला तिच्याबद्दल माया वाटायची, आणि त्यापुढे काहीच नाही. प्रयत्न केला तरी शरीर साथ देत नव्हतं. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं. चौथ्यांदा मी डोकं दुखतंय म्हणालो. त्यानंतर मी कारणं देण्यात पटाईत झालो.

याच सुमारास डाव्या स्तनाग्रामागे एक गाठ हाताला लागली. शर्टाच्या बटणाएवढी, दाबली की कळ यायची. महिन्याभरात उजवीकडेही आली. मग हळूहळू दोन्हीकडे सूज दिसायला लागली. मुलींना वयात येताना दिसते तशी. हे वाक्य लिहायला मला पंधरा मिनिटं लागली. गाडीचा सीटबेल्ट खुपायचा, पाठीवरच्या बॅगेचा पट्टा खुपायचा, विटांच्या रस्त्यावरून सायकल चालवताना प्रत्येक खाचेला कळ यायची. बाकी शरीर काटकुळं होत चाललेलं, आणि हे एवढंच वाढत होतं. मी ढगळ शर्ट घ्यायला लागलो. बाथरूमची कडी लावायला लागलो. आमच्या घरात ती कडी त्याआधी कुणी लावत नसे.

मला दोनच शक्यता दिसत होत्या. एक कॅन्सर. दुसरीला माझ्याकडे नावही नव्हतं. मी पुरुष म्हणून संपत चाललोय, अशी काहीतरी.

तलाव

इथे मुलांना पोहण्याचा दाखला मिळवावाच लागतो, कारण पावलोपावली कालवे आहेत. ईराच्या क्लासमध्ये एकदा पालकांनी मुलांबरोबर पाण्यात उतरायचा दिवस होता. ती आठवडाभर त्याबद्दल बोलत होती. मी पोहण्याची चड्डी घालून, वर टीशर्ट घालून काठावर गेलो. शिकवणारी मुलगी नम्रपणे म्हणाली, की तलावात टीशर्ट चालत नाही.

"मग मी इथेच बसतो," मी म्हणालो.

ईरा पाण्यातून कडेला आली. मी मराठीत बोलतो, ती उत्तर इंग्रजीत देते, आमचं तसंच आहे. "बाबा, एव्हरीबडीज पापा इज कमिंग."

"माझं पोट दुखतंय, सोन्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. सात वर्षांच्या मुलांना खोटं लगेच कळतं. ती उलटी वळली आणि एका मैत्रिणीच्या बाबांचा हात धरून पाण्यात गेली. मी त्या ओल्या बाकावर पाऊण तास बसलो होतो. त्या पाऊण तासात मला जे वाटलं ते पुढे इस्पितळातही वाटलं नाही.

सगळं उत्तम आहे

हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, मी दोनदा जाऊन आलो होतो. पहिल्यांदा धडधडीसाठी. ते शांत स्वभावाचे गृहस्थ. कामाचा ताण आहे का, विचारलं. आहे म्हणालो. कॉफी कमी करा, सहा आठवड्यांनी या. छातीबद्दल मी बोललोच नाही. दुसऱ्यांदा धीर करून एवढंच म्हणालो, की लैंगिक इच्छा कमी झाली आहे. त्यांनी टेस्टोस्टेरॉन तपासायला सांगितलं. निकाल आला तो नेहमीच्या मर्यादेपेक्षाही जास्त.

"तुमचं तर उत्तम आहे," ते हसून म्हणाले. "शरीर ठीक आहे. काळजी करू नका."

त्यांना दोष देत नाही. मी त्यांना अर्धीच माहिती दिली होती. धडधड एका भेटीत, इच्छा दुसऱ्या भेटीत, गाठ कधीच नाही. पण त्या दिवशी मी सायकल हातात धरून चालत घरी आलो. शरीर ठीक असेल, तर दोष माझ्यात होता. माझ्या मनात. कदाचित मला मृणाल आवडेनाशी झाली होती आणि मलाच ते माहीत नव्हतं. हॉर्मोन जास्त असलेला माणूस बायकोच्या जवळ का जात नाही, याचं दुसरं काय उत्तर असणार?

मृणालने तिचं उत्तर शोधलं होतं. त्याच शनिवारी ईरा मैत्रिणीकडे गेलेली असताना, भाजी चिरता चिरता तिने विचारलं, "प्रसाद, तुझं दुसरीकडे कुठे काही आहे का?"

आवाज अगदी साधा होता. दूध आणायचंय का, असं विचारावं तसा.

"नाही गं. काहीतरीच काय."

"वजन कमी केलंस. नवे कपडे घेतलेस. दार लावून अंघोळ करतोस. फोन वाजला की दचकतोस. माझ्या जागी तू असतास तर काय समजला असतास?"

प्रत्येक गोष्ट खरी होती. प्रत्येकीचं कारण वेगळं होतं, आणि ते कारण मी सांगू शकत नव्हतो. तिने सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि वरच्या खोलीत गेली.

शर्ट काढ

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत आम्ही कामापुरतं बोललो. मग एका रविवारी दुपारी जेवणानंतर मी सोफ्यावर बसलो होतो आणि ती येऊन शेजारी बसली. भांडण मिटवायची तिची ही जुनी पद्धत आहे. तिने डोकं माझ्या छातीवर टेकलं.

मी कळवळलो. आवाज आवरला नाही.

ती झटकन बाजूला झाली. "काय झालं?"

"काही नाही."

"प्रसाद, शर्ट काढ."

मी नाही म्हणालो. ती पुन्हा म्हणाली. बटणं काढताना माझे हात इतके थरथरत होते की शेवटी तिने काढली. तिने पाहिलं. मला वाटत होतं ती तोंड फिरवेल. तिचे डोळे भरून आले.

"हे कधीपासून आहे?"

"ऑगस्टपासून."

"आणि मी तुला काय काय बोलले."

मी तिला सगळं सांगितलं. सांगताना कळलं की हे सगळं एकत्र मी स्वतःशीसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तिनेच डॉक्टरांकडे फोन लावला, आणि बरोबर आली. आत गेल्यावर तिने मला बोलूच दिलं नाही. कागदावर यादी लिहून आणली होती: वजन, घाम, धडधड, हात, चिडचिड, छाती, आणि शेवटी "आमचे संबंध". डॉक्टर यादी वाचत असताना त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मला दोन्ही हात पुढे करायला लावले आणि पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. तो कागद झाडाच्या पानासारखा फडफडत होता. मग माझ्या मागे उभं राहून त्यांनी गळा चाचपला, आणि म्हणाले, "हे मला आधी दिसायला हवं होतं."

रक्त त्याच दिवशी तपासणीला गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना त्यांचा स्वतःचा फोन आला. थायरॉइड खूप वाढलेला होता. आईला कळवलं तर ती म्हणाली, "थायरॉइड? अरे, तो तर बायकांना होतो. मला आहे ना. पण माझं वजन वाढलं, तुझं कसं उतरलं?" तिचा कमी पडणारा, माझा उतू जाणारा. हे समजावता समजावता मी पहिल्यांदा थोडा हसलो.

डॉक्टर बाई

इस्पितळातल्या हॉर्मोनच्या डॉक्टर साठीच्या जवळ आलेल्या, उंच, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. इथली माणसं आडपडदा ठेवत नाहीत हे माहीत होतं, तरी पाचव्या मिनिटाला त्यांनी सरळ विचारलं, "लिंगाला ताठरता येते का? सकाळी उठल्यावर तरी?"

मी जमिनीकडे बघायला लागलो. शेजारून मृणाल म्हणाली, "नाही. माझ्या वाढदिवसापासून नाही."

बाईंनी नोंद केली, जशी त्यांनी नाडीची केली होती. मग एक कागद ओढून चित्र काढलं. त्यांचं म्हणणं मला समजलं ते असं. लिव्हर एक प्रथिन तयार करतं, जे रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं. थायरॉइड वाढला की हे प्रथिन भरमसाट तयार होतं. मग तपासणीत एकूण टेस्टोस्टेरॉन जास्तच दिसतं, पण बहुतेक सगळं त्या प्रथिनाच्या मुठीत असतं. शरीराला वापरायला मोकळं राहतं ते थोडं. शिवाय पुरुषाच्या शरीरात बायकांचं म्हणतात ते हॉर्मोनही थोडं असतंच. थायरॉइडच्या धांदलीत ते वाढतं. तोल तिकडे झुकला की छाती सुजते, इच्छा जाते, वीर्यातले शुक्रजंतूही मंदावतात.

"म्हणजे हे माझ्या मनात नव्हतं?" मी विचारलं.

"तुमच्या गळ्यात होतं," त्या म्हणाल्या. "आणि बहुतेक पुरुषांमध्ये हे परत येतं. पण थायरॉइडच्या आकड्यांपेक्षा उशिरा येतं. धीर लागेल."

बाहेर आल्यावर मृणालने कॉफीच्या मशीनजवळ माझा हात धरला. मला वाटलं, सुटलो. त्या दिवशी मी खरंच आनंदात होतो. त्यांनी लिहून दिलेलं औषध मला सोसणार नाही हे तेव्हा कुठे माहीत होतं.

तापाचा दिवस

गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात धडधड थांबली. हातातला कप वाजेनासा झाला. घामही गेला. छाती आणि बाकीचं जिथल्या तिथे होतं. मी रोज सकाळी उठून स्वतःची परीक्षा घ्यायचो आणि रोज नापास व्हायचो.

औषध देताना बाईंनी एक गोष्ट दोनदा सांगितली होती: ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी रक्त तपासायचं. क्वचित कुणाच्या तरी रक्तातल्या पांढऱ्या पेशी हे औषध संपवतं. दीड महिन्याने एका मंगळवारी सकाळी मी उठलो तो घशात काचा असल्यासारख्या. ताप एकोणचाळीसच्या वर, म्हणजे आपल्याकडचा एकशेदोन. हिवाळा होता, ईराच्या शाळेत अर्धा वर्ग खोकत होता. मी म्हणालो, सर्दी असेल. मृणालने फ्रिजवर लावलेला कागद काढून माझ्यासमोर धरला.

अकरा वाजता रक्त दिलं. घरी पोहोचेपर्यंत फोन आला, की परत फिरा, बॅग घेऊन या. माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या.

इस्पितळात मला एकट्याची खोली दिली. तिला दोन दारं होती, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत येणारा प्रत्येक जण मास्क लावून, झगा घालून यायचा. हाताला सलाइन, त्यातून अँटिबायोटिक्स. सकाळी सहाला रक्त, सातला ताप, आठला ब्रेडच्या दोन चकत्या आणि प्लास्टिकच्या डबीत लोणी. घसा इतका सोललेला होता की पाणी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. कच्चं काही खायचं नाही, फुलं आणायची नाहीत, मुलांनी यायचं नाही. ईरा खाली पार्किंगमध्ये उभी राहून हात हलवायची. चौथ्या मजल्यावरून तिची टोपी तेवढी दिसायची. तिसऱ्या दिवशी मृणाल तिला घेऊन आली नाही. म्हणाली, "घरी गेल्यावर ती जेवत नाही रे."

मी आयुष्यात प्रत्येक अडचणीवर काहीतरी करत आलेला माणूस आहे. मला तेच येतं. पट्टा अडकला की कुठे अडकला ते शोधायचं. त्या खोलीत करण्यासारखं काहीच नव्हतं. रोज सकाळी एक आकडा यायचा, पांढऱ्या पेशींचा, आणि तो पाच दिवस जवळजवळ शून्यावर थांबून होता. नर्स म्हणायची, उद्या बघू. मी छताच्या चौकोनांकडे बघत पडून राहायचो. इच्छा, पुरुषपणा, दुसरं मूल, ज्यासाठी मी एवढा कासावीस झालो होतो ते सगळं फार लांब गेलं होतं. फक्त ईराला पुन्हा जवळ घेता यावं एवढंच मागणं राहिलं होतं, आणि ते कुणाकडे मागायचं हेही कळत नव्हतं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. दुसऱ्या दिवशी हृदयाचा आलेख काढायला एक तरुण नर्स आला. त्यासाठी छाती उघडी करावी लागते. मी शर्टाला धरून बसलो. त्याने क्षणभर पाहिलं, काही विचारलं नाही. कपाटातून एक टॉवेल आणला, माझ्या अंगावर पसरला आणि खालून, अंदाजाने, एकेक चकती चिकटवली. जाताना टॉवेल तिथेच ठेवून गेला. पुढे प्रत्येक वेळी कुणीही आलं तरी तसंच करायचं. त्याने बहुतेक कुठेतरी लिहून ठेवलं असावं.

सहाव्या दिवशी आकडा हलला. नवव्या दिवशी घरी सोडलं.

कॅप्सूल

ती गोळी आता मला जन्मात चालणार नव्हती, तिच्या जातीची दुसरीही नाही. उरले दोन मार्ग: गळ्याचं ऑपरेशन किंवा किरणोत्सर्गी आयोडीन. नुकताच इस्पितळातून आलेलो, पुन्हा कापाकापी नको, म्हणून आम्ही आयोडीन निवडलं. जाड शिशाच्या डब्यातून एक साधी कॅप्सूल बाहेर आली, देणारा माणूस दोन पावलं मागे सरला, मी ती पाण्याबरोबर घेतली आणि घरी आलो. आता काही दिवस मीच लोकांसाठी धोकादायक होतो. माळ्यावरच्या खोलीत वेगळी गादी, वेगळा टॉवेल. ईराला मांडीवर घ्यायचं नाही. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून मला शाळेतलं सांगायची, मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

आणि निदान सहा महिने मूल होऊ द्यायचं नाही. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी मृणालकडे बघितलं. तिने फक्त मान हलवली. त्या सहा महिन्यांत ती सदतीस वर्षांची होणार होती.

आता

आयोडीनने ग्रंथी जाळून टाकली. आता माझा थायरॉइड आईसारखा, कमी पडणारा. आम्ही दोघं रोज सकाळी उपाशीपोटी तीच गोळी घेतो, ती सांगलीत, मी टिलबर्गमध्ये.

इच्छा परत आली, पण एका दिवशी आली असं नाही. जुना माणूस लांबून रस्त्याने येताना दिसावा तशी, आधी आहे की नाही अशी शंका. थायरॉइडचे आकडे नीट झाल्यावरही चार-पाच महिने गेले. उजव्या बाजूची सूज गेली. डाव्या बाजूची गाठ लहान होऊन राहिली आहे. ती आता बहुधा जाणार नाही, हवी तर काढून टाकता येते. मी अजून ठरवलेलं नाही.

मित्राच्या मेहुण्याला मी फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितो. सगळं एकाच भेटीत, एकाच डॉक्टरला सांगा. धडधड एकीकडे आणि अंथरुणातलं दुसरीकडे असं वाटून सांगू नका. दोन्हीचं मूळ एक असू शकतं. टेस्टोस्टेरॉनचा एकच आकडा चांगला आला म्हणून स्वतःच्या मनाला दोषी ठरवू नका. गोळ्यांवर असताना ताप आला तर सर्दी आहे म्हणू नका. आणि बायकोला सांगा. तुम्ही सांगितलं नाहीत तर ती स्वतःचं उत्तर शोधते, आणि ते खऱ्यापेक्षा वाईट असतं.

शेवटची तपासणी

एक गोष्ट राहिली. ती मी त्या मेहुण्याला सांगितली नाही.

सहा महिन्यांची मुदत संपल्यावर आम्ही बाईंकडे गेलो. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. ते प्रथिन खाली आलं होतं, मोकळं टेस्टोस्टेरॉन वर आलं होतं, वीर्याची तपासणी अगदी व्यवस्थित. "आता तुम्ही मोकळे," त्या म्हणाल्या आणि निकालांचा कागद हातात देऊन दोघांशी हात मिळवला. मी दीड वर्ष त्या कागदाची वाट पाहत होतो. लिफ्टमध्ये मी तो दोनदा वाचला.

खाली सायकलींच्या स्टँडमध्ये मी कुलूप काढत होतो. मृणाल तिच्या सायकलला धरून उभी होती.

"प्रसाद, मला नकोय आता."

"काय?"

"दुसरं बाळ."

मी सरळ उभा राहिलो.

"तू त्या खोलीत होतास ना," ती म्हणाली, "तेव्हा मी ईराला शाळेत सोडायचे, दोन मीटिंगा करायचे, तुझ्याकडे यायचे, परत जाऊन तिला आणायचे, आईंना फोनवर सांगायचे की साधा ताप आहे. एकदाही मनात आलं नाही की घरात आणखी एक जीव हवा होता. फक्त वाटायचं, आहेत तेवढे राहू देत. ते वाटणं गेलंच नाही नंतर. मी वाट पाहिली जाण्याची."

"मला आधी सांगायचंस."

"कसं सांगणार होते? तू रोज त्याच्यासाठी बरा होत होतास."

माझ्याकडे तो कागद होता. त्यावरचे सगळे आकडे बरोबर होते, आणि त्यातला एकही या कामाचा नव्हता. तिला समजवावं असं एक वाक्य मनात आलं, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते गेलं. ती दमली होती. ती कधी एवढी दमली हे मी पाहिलंच नव्हतं, कारण तेवढा सगळा वेळ मी माझ्याचकडे बघत होतो.

"बरं," मी म्हणालो.

मग मला रडू आलं. गेल्या दीड वर्षात चिडून, घाबरून, औषधाने, किती वेळा आलं होतं. हे तसलं नव्हतं. हे थांबेना. सुट्टी झालेल्या नर्सेस, भेटायला आलेले लोक आपापल्या सायकली काढत होते, वाट मागत होते. मृणालने मला गप्प केलं नाही. तिने आपली सायकल वळवली आणि माझ्या आणि त्या लोकांच्या मध्ये आडवी धरून उभी राहिली, माझं होईपर्यंत.